काठ चेपलेला रुपया

आजपर्यंत माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात एक-एक रुपयाची दोन नाणी होती. ती मी कधी खर्च केली नाहीत. दोन्हींचा काठ एका जागी चेपलेला आहे. एकाचा मालगाडीनं चेपला, दुसऱ्याचा मी. मालगाडीला काही लाज वाटली नसेल.

आज आम्ही मायलेकी रायपूरच्या शंकर नगरात बॅग घ्यायला गेलो होतो. माझ्या पोरीला, श्रावस्तीला, पुण्यात नोकरी लागली आहे, परवा निघणार. काचेचं मोठं दुकान, पुढं गाड्या लावायला जागा. शिट्टीवाल्या म्हाताऱ्या गार्डनं गाडी आत घेतली आणि माझ्या हातात प्लॅस्टिकचं गोल टोकन ठेवलं. "दीदी, गुमाना मत," म्हणाला. श्रावस्ती म्हणाली, "मम्मी, तुम बैठो, मैं देख के आती हूँ." ती असंच बोलते. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत. मी गाडीतच बसून राहिले, कारण गुडघे दुखत होते आणि दुकानातल्या थंड हवेनं ते आणखी दुखतात.

मान वर केली तर समोर कडुनिंब. बुंध्यात एक लोखंडी कडी रुतलेली, झाडानं अर्धी गिळलेली. ती कडी मी ओळखली. आंटी, माझ्या जुन्या घरमालकीण, तिला कपडे वाळत घालायची दोरी बांधायच्या. म्हणजे जिथं माझी गाडी उभी होती तिथं त्यांच्या घराच्या पायऱ्या होत्या, आणि त्या पायऱ्यांवर माझे वडील बसले होते. घर पाडल्याचं ऐकून होते. ह्या रस्त्यानं मी सहसा येतच नाही. यावं लागलंच तर काहीतरी शोधत असल्यासारखी पर्समध्ये तोंड घालून बसते.

वडलांना आम्ही भाऊ म्हणायचो. त्यांचे धाकटे भाऊ तसं म्हणत, म्हणून आम्हीही. भाऊ मालगाडीचे डबे दुरुस्त करायच्या कारखान्यात होते आणि आमचं घर गुढियारीत, रुळांच्या इतकं जवळ की गाडी गेली की फळीवरच्या वाट्या आपोआप एकमेकींना लागत. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सकाळी उसन्या तांदळाचा वास यायचा, उकडलेल्या धानाचा, किंचित आंबूस. दुपारी गोदामांतल्या पोत्यांचा आणि गुळाचा. संध्याकाळी भाऊ यायचे आणि त्यांच्याबरोबर ग्रीसचा वास. तळव्याला मात्र पितळेचा. कारखान्याच्या फाटकावर दाखवायचं त्यांचं पितळेचं टोकन होतं, बिल्ल्यासारखं, वर नंबर ठोकलेला. ते दिवसभर इतके वेळा चाचपून पाहायचे की हाताला त्याचा वास बसला होता.

सुट्टीच्या दिवशी माय ते टोकन चिंचेनं घासायची. मी एकदा विचारलं होतं की हे मोडीत विकलं तर किती येतील. भाऊ म्हणाले, कपभर चहा येईन. आणि हरवलं तर? तर म्हणे दिवस गेला, आणि साहेबासमोर उभं राहावं लागलं ते वेगळं. धातूची किंमत आणि वस्तूची किंमत ह्या दोन गोष्टी आहेत, हे मला शाळेच्या आधी त्या चहाच्या हिशेबानं कळलं. कळून काय उपयोग झाला, ते पुढं सांगतेच.

मग तो रुपया आला. मी दहा-बारा वर्षांची असेन. सरकारनं काढलेला, चष्मा घातलेल्या माणसाची छबी असलेला रुपया. आमच्या घरात त्याला बाबाचा रुपया म्हणत. कोणाचा बाबा, ते मी सांगत बसत नाही. ज्याच्या घरावर निळा झेंडा असतो त्याला विचारा.

पहिला रुपया भाऊंना चहावाल्याकडून सुट्ट्यात मिळाला. त्या दिवशी ते चहा अर्धा टाकून घरी आले. मायच्या हातावर ठेवला, माझ्या हातावर ठेवला, परत घेतला, परत ठेवला. "आजवर राजांचीच चित्रं राहात होती पोरी नाण्यावर," म्हणाले. "आता आपल्या मानसाचं हाये." एवढं बोलून ते बाहेर जाऊन उभे राहिले. भाऊंना डोळे पुसायचे असले की बाहेर काहीतरी काम निघायचं.

त्यानंतर तो रुपया आमच्या घरात आला की बाहेर जायचा नाही. चहापत्तीच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात पडायचा. भाऊंनी चहावाला, पानवाला, भाजीवाली, सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. भाजीवाली छत्तीसगढी होती, मोठी मायाळू. मिळाला की पदराच्या गाठीत बांधून ठेवायची आणि भाऊ दिसले की गाठ सोडत म्हणायची, "ले भैया, तोर बबा आगे." तुझे आजोबा आले बघ. भाऊ साधा रुपया देऊन हा रुपया घ्यायचे आणि वर गरज नसताना पावभर मिरच्या. आमच्याकडं त्या वर्षी मिरच्यांचा ठेचा इतका व्हायचा की माय चिडायची. डब्यातले रुपये कधी कोणी मोजले नाहीत. मोजायचे नाहीत, असंच होतं.

एप्रिलात जयंतीच्या सकाळी डबा उघडायचा. पितळेच्या परातीत सगळे रुपये ओतायचे, त्यांचा तो खळ्ळकन आवाज, आणि चहापत्तीचा वास. मग रिठ्याचं पाणी. भाऊ पांढरा सदरा घालून, मांडी घालून बसायचे आणि एकेक रुपया अंगठ्यानं चोळून धुवायचे, जुन्या मऊ धोतराच्या फडक्यानं पुसायचे, फोटोपुढं मांडायचे. मेणबत्तीचा वास, मोगऱ्याचा, आत शिजणाऱ्या खिरीचा. मला ते कंटाळवाणं वाटायचं. एका वर्षी मी कुरकुरले, की पैसे कोणी धुतं का.

भाऊ म्हणाले, धुतात. त्यांच्या वडलांचे पैसे दुकानदार धुवायचा. माझा आजा गावच्या दुकानात गेला की पैसे हातात द्यायची सोय नव्हती. ओट्यावर ठेवायचे, लांब उभं राहायचं. दुकानदार पाणी शिंपडायचा आणि मग उचलायचा. सामान आणि उरलेले पैसे वरून टाकायचा, हात लागू नये म्हणून. आजा झेलायचा. कधी चुकायचं, मग मातीतून वेचायचा. भाऊ लहानपणी सोबत जायचे, वेचायचं काम त्यांचं. "म्हनून मी धुतो," भाऊ म्हणाले. "पन मी आपल्या हातानं धुतो." त्यांनी हे फार शांतपणे सांगितलं. त्यांच्या हातातला रुपया तेव्हाही पाण्याखाली होता.

आता माझा रुपया. रुळावर नाणं ठेवायचं, वरून गाडी गेली की त्याचं चुंबक होतं, अशी गुढियारीतल्या सगळ्या पोट्ट्यांची ठाम समजूत होती. कोणाचंच झालं नव्हतं, पण समजूत हलत नव्हती. सगळे दहा पैशांची नाणी ठेवायचे. मला मोठं चुंबक पाहिजे होतं. मी डब्यातला एक रुपया उचलला आणि ठेवला. मालगाडी आली, रूळ थरथरला, रुपया कडेला सरकला आणि चाकानं त्याचा नुसता काठ धरला. गाडी गेल्यावर मी उचलायला गेले तर मागं भाऊ उभे. पाळी संपवून रुळारुळानं येत होते.

मी मार खायच्या तयारीत. त्यांनी रुपया उचलला, तो तापला होता, ह्या हातातून त्या हातात केला, फुंकला. एका जागी काठ नखासारखा पातळ झाला होता. छबीला मात्र धक्का नव्हता, चष्मासुद्धा शाबूत. भाऊ हसायलाच लागले. "पाय, काठ गेला, मानूस वाचला," म्हणाले. मग रुळाजवळ पुन्हा दिसली तर तंगडं मोडीन, हेही म्हणाले. तो रुपया माझा ठरला. घर सोडून कोणी शिकायला, नोकरीला, सासरी जाईल तेव्हा डब्यातला एक रुपया त्याला द्यायचा, दरवर्षी जयंतीला त्यानं तो घेऊन यायचं, धुवायचा आणि परत न्यायचा, ही रीत भाऊंनीच घातली होती. माझा कुठला, हे शोधायची गरज नव्हती. अंगठा फिरवला की कळायचं.

आणि मग आमचं रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं. काय धांदल होती तेव्हा! भोपाळहून ट्रक भरभरून फायली येत होत्या. जिथं मिळेल तिथं ऑफिस, कोणाच्या शाळेत, कोणाच्या हॉस्टेलात. भिंतींच्या चुन्याचा ओला वास, नव्या टेबलांच्या पॉलिशचा वास. मला अशाच एका नव्या ऑफिसात टायपिंगची नोकरी लागली. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायचं, देवळासारखं. गुढियारीहून रोज सायकलनं येता येता घामाघूम व्हायचे, म्हणून शंकर नगरात खोली घेतली. भाव इतके चढले होते की खोली मिळणं म्हणजे नशीब.

आंटी चांगल्या बाई होत्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण मला त्यांच्यावर ढकलता आलं असतं तर किती बरं झालं असतं. खोली दाखवताना त्यांनी माझं आडनाव विचारलं. आमचं आडनाव असं की कुठंही खपतं. त्या म्हणाल्या, "अच्छा, महाराष्ट्र के पंडित लोग." मी हसले. हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. नुसती हसले आणि खोली मिळाली. पुढं तीन वर्षं मी तेच हसू घालून राहिले. भिंतीवर कॅलेंडर लावलं, घरून आणलेला फोटो पेटीत तळाशी ठेवला. तोंडातून जयभीम निघू नये म्हणून भेटायला येणाऱ्या मैत्रिणींना कोपऱ्यावरच गाठायची. रुपया पर्समध्ये असायचा. निघताना भाऊंनी स्वतः ठेवला होता.

त्या पहिल्याच वर्षी, एका रविवारी, आंटींकडं सत्यनारायण होता. मला वर बोलावलं होतं. मी साडी नेसून, पर्स घेऊन बसले होते आणि नेमके तेव्हाच भाऊ आले. सायकलवरून, डबा घेऊन. मायनं भाकर आणि अंबाडीची भाजी दिली होती. आंटींनी त्यांना वरूनच हाक मारली, आइए भाईसाहब, प्रसाद लेकर जाइए. भाऊंनी माझ्याकडं पाहिलं. सगळ्या जगाला मोठ्यानं जयभीम घालणारा माझा बाप त्या दिवशी हात जोडून हळूच "नमस्ते बहनजी" म्हणाला आणि दाराबाहेर वरच्या पायरीवर बसला. त्यांना एका नजरेत सगळं कळलं होतं.

आरतीची थाळी फिरत माझ्याकडं आली. मी पर्स उघडली. आत एक शंभराची नोट आणि तो रुपया. सुट्टे शोधताना रुपया बोटात आला. शेजारी आंटी होत्या. त्यांना नव्या-जुन्या नाण्यांची हौस, वाकून पाहिलं. म्हणाल्या, "अरे, ये कौन सा सिक्का है? तुम्हारे पास कैसे?"

त्यांनी सहज विचारलं होतं. आज मला पक्कं माहीत आहे की सहज विचारलं होतं. पण माझे कान तापले. पाच-सहा बाया बघत होत्या. मी शंभराची नोट टाकू शकत होते. नुसते हात जोडू शकत होते. रुपया परत पर्समध्ये ठेवला असता तर कोणी काय केलं असतं? पण मला दाखवायचं होतं की हा रुपया माझा कोणी लागत नाही.

"पता नहीं आंटी," मी म्हणाले, "कहीं से आ गया होगा." आणि तो थाळीत टाकला. ठेवला नाही, टाकला. वरून.

कुंकवात पडला, आवाजसुद्धा झाला नाही. थाळी पुढं गेली. मी दाराकडं पाहिलं तेव्हा भाऊ आपल्या चपलेचा पट्टा नीट करत होते. खूप वेळ करत होते. मग उठले, डबा पायरीवर ठेवला आणि सायकल घेऊन गेले. ती भाकर मी खाल्ली, हेही सांगून टाकते. भूक लागली होती.

मला वाटलं, त्यांनी पाहिलं नसेल. असं वाटून घ्यायला माणसाला किती कमी लागतं! ते दूर होते, गर्दी होती, चपलेचा पट्टा खरंच तुटला असेल. पुढं भेटले तर नेहमीसारखेच. मग एप्रिल जवळ आला आणि माझी झोप उडाली. रुपया घेऊन घरी जायचं होतं.

सदर बाजारात एका सराफाच्या पायरीखाली एक म्हातारा मखमलीवर जुनी नाणी मांडून बसायचा. मी ऑफिसातून अर्धी सुट्टी घेऊन गेले. त्याच्याकडं तो रुपया होता. पन्नास रुपये म्हणाला. एका रुपयाचे पन्नास, ह्यात सोनं नाही की चांदी नाही, मी भांडले. तो म्हणाला, "बेटी, दाम सिक्के का नहीं है, ढूँढने वाले का है." मी मुकाट्यानं दिले. त्यानं माझ्या चेहऱ्यावरूनच भाव लावला असेल.

पण ह्या रुपयाचा काठ धड होता. मग मी काय केलं असेल? खोलीवर आले, दार लावलं, रुपया पाट्यावर ठेवला आणि वरवंट्यानं त्याचा काठ ठोकला. लागेना, तर पुन्हा ठोकला. ज्या माणसामुळं मी चपला काढून कॉम्प्युटरच्या खोलीत जात होते, त्याची छबी पाट्यावर आणि माझ्या हातात वरवंटा. वरून आंटींचा आवाज आला, "क्या कूट रही हो बेटी?" मी म्हणाले, "इलायची." खोटं बोलायला मला तेव्हा विचार करावा लागत नव्हता.

चाकानं चेपलेला काठ गुळगुळीत असतो. माझा वेडावाकडा झाला, टिचलेल्या नखासारखा. तोच घेऊन घरी गेले. परातीत ओतला. रिठ्याचा फेस, मोगरा, मेणबत्ती. भाऊ एकेक धूत होते. माझा हातात आला. त्यांनी काठावर अंगठा फिरवला. तीस वर्षं लोखंडाला हात लावणाऱ्या माणसाचा अंगठा तो. एकदा फिरवला, थांबले, पुन्हा फिरवला. मला वाटलं, आता विचारतील. मी उगाच बोलायचं म्हणून बोलले, की भाऊ, चांगला निघाला ना?

"हव," भाऊ म्हणाले. आमच्याकडं 'हो'ला 'हव' म्हणतात. मग त्यांनी तो रुपया चोळून चोळून धुतला, बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच वेळ, पुसला आणि माझ्या हातावर ठेवला.

अकरा वर्षं. अकरा वर्षं मी तो खोटा रुपया घेऊन एप्रिलात गेले. लग्न होऊन शंकर नगर सुटलं, आता मला कोणापासून काही लपवायचं नव्हतं, नवऱ्याच्या घरावर निळा झेंडा होता, पोरगी झाली, भाऊंनी तिचं नाव श्रावस्ती ठेवलं. दर वर्षी ठरवायची की औंदा सांगून टाकू. रिक्षात बसून वाक्यं जुळवायची. परातीचा आवाज झाला की वाक्यं जायची. भाऊ धुवायचे, मी घ्यायची. मग एका पावसाळ्यात ते गेले.

पुढच्या जयंतीला माय म्हणाली, आता तू धू. मी भाऊंच्या जागी बसले. एकेक रुपया धुतला. माझा हातात आला आणि माझा अंगठा त्या काठावर गेला. तो धुवायला माझा हात उठेना. एवढे दिवस तो त्यांनी धुतला होता, मी कधी नाही.

"माय," मी म्हणाले, "हा माझा नाही. माझा हरवला."

मायनं विचारलं, "हरवला?"

"टाकला," मी म्हणाले. "आंटीच्या थाळीत. भाऊंच्या समोर."

माय भिंतीला धरून उठली, पेटीपाशी गेली. भाऊ निवृत्त झाल्यावर ज्या फडक्यात कारखान्याची शेवटची पगाराची चिठ्ठी ठेवायचे ते फडकं आणलं. त्यात रुपया होता. चेपलेला काठ, नखासारखा पातळ, गुळगुळीत. छबीच्या चष्म्यात जरासं लाल राहिलं होतं. कुंकू.

मायनं मग सांगितलं. त्या रविवारी भाऊ घरी आले नव्हते. कोपऱ्यावर, सायकलच्या दुकानापाशी, उन्हात उभे राहिले होते. दोन तासांनी पंडितजी निघाले तेव्हा त्यांची स्कूटर थांबवली आणि दहाची नोट पुढं करून म्हणाले की थाळीतला एक रुपया मला परत द्या. पंडितजींनी पिशवी उघडून दिली. भाऊंनी बोटांनी शोधून काढला. हाच का पाहिजे, पंडितजींनी विचारलं. भाऊंनी सांगितलं, आमच्या बाबाचा आहे. सरळ सांगितलं. त्या भल्या माणसानं नोट घेतली नाही, हात जोडले. मग भाऊ म्हणाले, ऊपर मत बताना पंडितजी, मेरी लड़की वहाँ रहती है.

"साऱ्या जल्मात पयल्यांदा," माय म्हणाली, "तुह्या भाऊनं कोनाले म्हटलं का सांगू नोका."

मला रडूसुद्धा आलं नाही. रडायचा हक्क लागतो. मी एवढंच विचारलं, मग मला दिला काहून नाही.

माय म्हणाली, तिनंही हेच म्हटलं होतं, देऊन टाका तिले. तर ते म्हणाले, देला तर तिले समजन का म्या पायलं. मंग पोट्टी माह्यासमोर मान वर नाही करणार. मांगन तवा देऊ. "दरसाल जयंतीच्या आदल्या दिवशी हे फडकं काढून ठेवत," माय म्हणाली. "म्हनत, औंदा मांगन."

आज कडुनिंबाखाली हे सगळं पुन्हा डोक्यातून गेलं. दोन आठवड्यांपूर्वीची एक गोष्टही आठवली. श्रावस्ती पुण्यातल्या खोलीसाठी फोनवर कोणा एजंटाशी बोलत होती. त्यानं पूर्ण नाव विचारलं, मग आणखी काही विचारलं. तिनं जे आहे ते सांगितलं, ठणठणीत आवाजात. खोली गेली. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. ती आत आली, फ्रिज उघडला, म्हणाली, "जाने दो मम्मी, दूसरा मिलेगा." पाणी प्यायली आणि गेली. माझ्या पोटची पोरगी, पण गेलीय माझ्या बापावर.

तिला द्यायचा रुपया मी कालच डब्यातून निवडून ठेवला होता. धड काठाचा, स्वच्छ. धड काठाच्या रुपयाला गोष्ट सांगावी लागत नाही, म्हणून तो.

ती बॅग घेऊन आली, मागं टाकली, शेजारी बसली. माझ्या हातातलं टोकन तिनं काढून घेतलं, मी हरवीन म्हणून. मी म्हटलं, थांब, गाडी काढू नको. आणि सांगितलं. इथं पायऱ्या होत्या, इथं तिचे नाना, म्हणजे भाऊ, बसले होते, इथून सुरुवात करून सगळं. भाकर खाल्ली तेसुद्धा. वरवंटा सांगताना माझा आवाज फुटला, तरी सांगितलं. तिच्याकडं न बघता, त्या कडीकडं बघत सांगितलं.

मग पर्समधून दोन्ही रुपये काढले. मालगाडीवाला परत ठेवला. तो माझा आहे, मेल्यावर घ्या. दुसरा, मी विकत घेतलेला, वरवंट्यानं वाकडा केलेला, तिच्या तळव्यावर ठेवला. खोटा म्हणून आणला होता मी. पण खोटा आहे हे अंगठ्याला कळूनही भाऊंनी तो अकरा वेळा धुतला. दोन्हींचं वजन सारखंच असेल, सराफ सांगेल. मला हाच जड लागतो.

श्रावस्ती खूप वेळ काठावर अंगठा फिरवत होती.

"नाना को पता था?" तिनं विचारलं. "हर साल?"

"हव," मी म्हणाले.

गार्डनं काचेवर टकटक केली. टोकन मागत होता. श्रावस्तीनं मूठ उघडली, आत दोन्ही होतं, टोकन आणि रुपया. तिनं नीट पाहिलं, टोकन उचलून त्याला दिलं आणि मूठ पुन्हा मिटली.